१९५०ची सदर्न ५००: रडतखडत पात्र ठरलेली प्लायमाउथ पहिली कशी आली?

सातारी_गिअर

४ सप्टेंबर १९५०, सोमवार, अमेरिकेतला कामगार दिन. साउथ कॅरोलिनातल्या डार्लिंग्टन या कापूस-तंबाखूच्या शेतांनी वेढलेल्या गावात त्या दिवशी ७५ मोटारी एका रेषेत तीन-तीन अशा उभ्या राहिल्या. एकूण २५ रांगा. अंतर ५०० मैल, म्हणजे ८०५ किलोमीटर. सव्वा मैलाच्या रिंगणाचे ४०० फेरे. स्टॉक कार म्हणजे त्या काळी शोरूममधून गिऱ्हाईक घरी न्यायचं तीच गाडी, आणि अशा गाड्या इतकं अंतर डांबरी रिंगणावर धावतील यावर तेव्हा फार थोड्यांचा विश्वास होता. मोठ्या डांबरी रिंगणावरची नॅस्कारची (स्टॉक कार शर्यती भरवणाऱ्या अमेरिकन संघटनेची) ही पहिलीच ५०० मैलांची शर्यत. तोवर सगळा कारभार मातीच्या छोट्या रिंगणांवर नाहीतर डेटोनाच्या वाळूत चालायचा.

पोलवर, म्हणजे सुरुवातीच्या पहिल्या जागेवर, कर्टिस टर्नर होता, ताशी ८२.०३४ मैल वेगाने पात्र ठरलेला. त्याच्या आजूबाजूला कॅडिलॅक आणि ओल्ड्समोबिल ८८, मोठ्या व्ही-८ म्हणजे आठ सिलिंडरच्या इंजिनांच्या गाड्या. आणि मागे ४३व्या जागेवर कॅलिफोर्नियाचा जॉनी मँट्झ, साध्या काळ्या प्लायमाउथमध्ये. सहा सिलिंडर, ९७ अश्वशक्ती. पात्रता फेरीतल्या सर्वांत हळू गाड्यांपैकी ही एक.

६ तास ३८ मिनिटांनी मँट्झ जिंकला, तोही दुसऱ्या आलेल्या फायरबॉल रॉबर्ट्सला नऊ फेरे मागे टाकून. नऊ फेरे म्हणजे सव्वाअकरा मैल. ४०० पैकी ३५१ फेऱ्यांत तोच आघाडीवर होता. सरासरी वेग ताशी ७५.२५ मैल, म्हणजे १२१ किलोमीटर. बक्षीस १०,५१० डॉलर.

कारण सगळीकडे एकच सांगितलं जातं: टायर. बाकीच्यांनी साधे प्रवासी गाडीचे टायर लावले होते आणि ते लाह्या फुटाव्यात तसे फुटत गेले. मँट्झने ट्रकचे कडक रबराचे टायर लावले आणि एका लयीत गाडी चालवली.

माझं मत स्पष्ट सांगतो. स्टॉक कारच्या इतिहासात डोकं वापरून जिंकलेल्या शर्यतींत ही पहिल्या क्रमांकाची आहे. पण बरेच लोक हिला ‘टायरने जिंकलेली शर्यत’ म्हणून बाजूला सारतात. तुम्हाला काय वाटतं? श्रेय कुणाचं? ड्रायव्हरचं, टायरचं की नशिबाचं?

चिकूची_आई

वाचनखूण साठवली! गाड्यांतलं मला फार कळत नाही, पण एका दमात वाचलं. एक शंका: सव्वा मैलाच्या रिंगणात ७५ गाड्या मावल्या कशा?

सातारी_गिअर

मावल्या म्हणण्यापेक्षा कोंबल्या. सव्वा मैल म्हणजे दोन हजार मीटरच्या थोडं वर. ७५ गाड्या सारख्या अंतरावर सोडल्या तरी दर २७ मीटरला एक गाडी. इंडियानापोलिसला अडीच मैलाच्या रिंगणावर ३३ गाड्या असतात, तीन-तीनच्या ११ रांगांत. डार्लिंग्टन बांधणाऱ्या हॅरोल्ड ब्रॅसिंग्टनच्या डोक्यात तीच शर्यत होती. तिथली गर्दी पाहून आल्यावर आपल्या गावात असं काही उभारायचं त्याच्या मनाने घेतलं. शेरमन रॅमसीकडून सुमारे ७० एकर जमीन घेतली आणि १९४९च्या शरद ऋतूत स्वतः यंत्र चालवत माती हलवायला सुरुवात केली. गावातल्यांनी त्याला वेड्यात काढलं होतं. शर्यतीच्या दिवशी दहाएक हजार माणसं येतील असा अंदाज होता, आली सुमारे पंचवीस हजार.

रबरगोळा

टायरच्या धंद्यात उमेदीची सगळी वर्षं गेली आहेत, त्यामुळे इथे गप्प बसवत नाही. जरा लांबेल, सांभाळून घ्या.

१९५०चे प्रवासी टायर बायस प्लाय जातीचे. म्हणजे आतले दोऱ्यांचे थर तिरपे, एकमेकांना छेद देणारे. आत ट्यूब. टायर फिरताना जमिनीला टेकणारा भाग चेपतो, पुन्हा गोल होतो, पुन्हा चेपतो. प्रत्येक चेपण्यात थोडी ऊर्जा उष्णता होऊन रबरात उरते. तिरपे थर एकमेकांवर घासतात, त्याची उष्णता वेगळी. रस्त्यावर ताशी साठ मैलाने गेलात तर वारा ती उष्णता काढून नेतो आणि हिशोब जुळतो. डार्लिंग्टनला तो जुळत नव्हता. नवं कोरं डांबर, सप्टेंबरमधला दक्षिणेचा उकाडा, आणि वळणांवर बाहेरच्या बाजूला उंच होत जाणारा चढ दिलेला. वळणावर गाडी बाहेरच्या बाजूला रेटली जाते आणि सगळा भार उजव्या चाकांवर येतो, त्यातही पुढच्या उजव्यावर. डावीकडे वळायचं आणि उजवा टायर जाळायचा, सहा तास.

आता गणित बघा. वळणावरचं बल वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढतं. ८२.०३ भागिले ७५.२५, त्याचा वर्ग केला तर १.१९ येतं. म्हणजे टर्नर पात्रता फेरीच्या वेगाने पळत राहिला असता, तर मँट्झच्या सरासरीच्या तुलनेत तेवढ्याच वजनाच्या गाडीतही टायरवर वळणात १९ टक्के जास्त ताण. त्यात कॅडिलॅक, ओल्ड्समोबिल या प्लायमाउथपेक्षा कितीतरी जड. दोन्ही गोष्टींचा गुणाकार होतो, बेरीज नाही. नऊ टक्के वेगासाठी किती टायर फाडायचे हा प्रश्न हिरवा झेंडा पडायच्या आधीच सोडवायचा होता. तो मँट्झने सोडवला.

ट्रकचा टायर कडक रबराचा, थर जास्त. पकड कमी देतो, गाडी वळणात घसरल्यासारखी वाटते. पण झिजत नाही. साध्या ड्रायव्हरला तो टायर नकोसा वाटतो, कारण पहिल्या फेरीपासून मागे पडल्यासारखं वाटत राहतं. कुणीतरी आपल्याला ओलांडून जातंय आणि आपण जाऊ द्यायचं, हे सहा तास सहन करायला वेगळी माणसं लागतात.

म्हणून टायर की ड्रायव्हर ही वाटणीच मला पटत नाही. टायर निवडला तो ड्रायव्हरनेच.

उडता_पोपट

रबरगोळा काका, एक नंबर प्रतिसाद. बोरघाटात आपल्याला खेटून पुढे गेलेली गाडी खोपोलीला जॅक लावून उभी दिसते, तेव्हा जो आनंद होतो तो मँट्झला त्या दिवशी चाळीस-पन्नास वेळा मिळाला असणार.

पेशवेपार्क

वरच्या सगळ्यांशी थोडी असहमती नोंदवतो.

पहिली गोष्ट, मँट्झ काही कुणी भोळा पाहुणा नव्हता. तो इंडियानापोलिस ५०० धावलेला होता. लांब शर्यत, डांबर, टायरची झीज, ठरवून केलेले थांबे, हे सगळं त्याला आधीपासून माहीत होतं. समोरचे बहुतेकजण शंभर-दोनशे फेऱ्यांच्या मातीच्या रिंगणावर वाढलेले. मातीवर टायर घसरतो, तापत नाही. म्हणजे मँट्झला उत्तर आधीच ठाऊक होतं, बाकीचे प्रश्नच पहिल्यांदा बघत होते.

दुसरी गोष्ट मला जास्त खटकते. त्या प्लायमाउथच्या मालकांत नॅस्कारचे संस्थापक बिल फ्रान्स यांचंही नाव घेतलं जातं. अधिकृत नोंदीत मालक म्हणून ह्युबर्ट वेस्टमोरलँड आहे, पण ती गाडी फ्रान्स यांच्या मंडळींनी शर्यतीआधी डार्लिंग्टनच्या कामासाठी, निरोप आणि सामान पोचवायला वापरली आणि मग भागीदारीत उतरवली, ही गोष्ट अनेक ठिकाणी येते. शर्यत ज्यांच्या नियमांखाली चालली त्यांचीच गाडी पहिली? आज असं झालं तर काय गदारोळ होईल!

सातारी_गिअर

पेशवेपार्क, मुद्दा महत्त्वाचा आहे. त्याला एक बाजू आहे ती सांगतो. शर्यतीची मान्यता आधी सेंट्रल स्टेट्स रेसिंग असोसिएशनकडे होती. पुरेशा गाड्या नोंदवल्या जाईनात, तेव्हा नॅस्कारला सोबत घेतलं. फ्रान्स आले आणि गाड्यांचा पूर आला. फेब्रुवारी १९४८मध्ये नोंदणी झालेली संघटना, अजून स्वतःच्या पायावर उभी राहत होती. आयोजक, मालक, ड्रायव्हर या भूमिका तेव्हा एकमेकांत मिसळलेल्या होत्या. हे बरोबर होतं असं मी म्हणत नाही. पण नऊ फेऱ्यांचं अंतर कुणी नियमांतून काढून देऊ शकत नाही. फुटलेले टायर पंचवीस हजार लोकांनी पाहिले.

आडवाटेचा

वेस्टमोरलँडचं नाव निघालं म्हणून थोडं अवांतर, कारण ही गोष्ट सांगितल्याशिवाय त्या माणसाचं चित्र पूर्ण होत नाही.

१९ जून १९४९, शार्लट, नॉर्थ कॅरोलिना. नॅस्कारची पहिलीवहिली ‘स्ट्रिक्टली स्टॉक’ शर्यत. नावातच नियम: गाडीत काही बदल करायचा नाही. पहिला आला ग्लेन डनअवे, फोर्डमध्ये. तपासणीत मागच्या स्प्रिंगांमध्ये फेरफार सापडला. तो फेरफार शर्यतीसाठी केलेला नव्हताच. ती गाडी चोरटी दारू वाहायच्या कामातली होती. दारूचे डबे भरल्यावर गाडीची शेपटी खाली बसू नये, पोलिसांना संशय येऊ नये आणि वळणांवर गाडी आडवी होऊ नये म्हणून दक्षिणेत अशा स्प्रिंगा सर्रास बसवायचे. डनअवे बाद झाला आणि विजय गेला कॅन्ससच्या जिम रोपरला, लिंकन गाडीत. रोपरला या शर्यतीची बातमी वर्तमानपत्रातल्या एका चित्रकथेतून कळली होती!

आता ती बाद झालेली फोर्ड कुणाची? ह्युबर्ट वेस्टमोरलँडची. त्याने नॅस्कारवर खटला भरला आणि हरला. नियम ठरवायचा अधिकार संघटनेचा, हे त्या निकालाने पक्कं झालं. सव्वा वर्षात तोच माणूस डार्लिंग्टनच्या विजेत्या गाडीचा मालक म्हणून नोंदला गेला.

आपल्याकडे हातभट्टीची वाहतूक करणाऱ्यांची कधी लीग झाली नाही. तिकडे डोंगरातल्या हातभट्ट्यांनी ड्रायव्हर घडवले, मेकॅनिक घडवले, आणि त्यातून एवढा मोठा खेळ उभा राहिला.

चिकूची_आई

चित्रकथेतून शर्यतीची बातमी! हे फारच गोड आहे.

शार्लटची_सून

नमस्कार मंडळी. लग्नानंतर नॉर्थ कॅरोलिनात आले, आणि इथे नॅस्कारपासून पळून जाता येत नाही. ऑफिसातल्या माणसाला विचारलं ‘वीकेंडला काय’, की अर्धे लोक रेसबद्दल बोलतात. डार्लिंग्टन आमच्यापासून गाडीने दोनेक तासांवर. आम्ही गेलो तेव्हा सगळ्यात आधी लक्षात आलं ते रिंगणाचं रूप. ते अंडाकार आहे, आणि अंड्यासारखंच एक टोक निमुळतं. एकीकडच्या वळणांना २५ अंशांचा चढ, दुसरीकडे २३ अंशांचा. दोन्ही टोकं वेगळी, त्यामुळे एका टोकाला जुळवलेली गाडी दुसऱ्या टोकाला रुसते.

हे असं का, तर रॅमसीच्या जमिनीवर मासळीचं एक छोटं तळं होतं आणि ते बुजवायचं नाही अशी त्याची अट होती. ब्रॅसिंग्टनने शब्द पाळला आणि ते टोक अरुंद केलं. पहिल्या शर्यतीनंतर रिंगण थोडं लांबलं, आता ते १.३६६ मैलांचं आहे, पण तिरकेपणा तसाच.

बाहेरच्या भिंतीला गाड्या घासत जातात. कमीत कमी वेळात फेरा मारायचा तर भिंतीच्या अगदी जवळून जावं लागतं. घासलेल्या रंगाच्या पट्ट्याला ‘डार्लिंग्टन स्ट्राइप’ म्हणतात आणि ड्रायव्हर तो मिरवतात. रिंगणाजवळच स्टॉक कारचं संग्रहालय आहे, १९६५पासूनचं. गाड्यांवर प्रेम असेल तर अर्धा दिवस हाताशी ठेवा.

सातारी_गिअर, तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर: त्या वळणांवर नुसतं उभं राहून बघितल्यावर मी ड्रायव्हरच्या बाजूने. तिथे सहा तास न चुकता गाडी ठेवणं हेच मोठं काम आहे. त्यांच्या काळात पॉवर स्टिअरिंग नव्हतं, एसी नव्हता, आणि अंगावर साधा शर्ट.

उडता_पोपट

एका तळ्यातल्या मासळीमुळे सत्तर वर्षं ड्रायव्हरांची झोप उडालीय! त्या माशांना हॉल ऑफ फेममध्ये घ्या.

मुकुंद_टी

शार्लटची_सून, एक प्रश्न विचारतो, मन मोकळं करून उत्तर द्या. ‘सदर्न’ ५००, दक्षिणेचा अभिमान, हे सगळं वाचताना तो गुलामगिरीच्या बाजूने लढलेल्यांचा झेंडा डोळ्यासमोर येतो. तिथे एक परदेशी भारतीय म्हणून कसं वाटतं?

शार्लटची_सून

मुकुंद, विचारलंत ते बरं झालं. या शर्यतीचं कौतुक करताना हे झाकून ठेवू नये असं मला मनापासून वाटतं. जुन्या काळात विजेत्याच्या गाडीच्या बॉनेटवर ‘जॉनी रेब’ नावाचं सोंग घेतलेला माणूस कॉन्फेडरेट सैनिकाच्या वेषात, तो झेंडा घेऊन बसायचा. हे या शर्यतीच्या समारंभाचा भाग होतं. १९५२चा विजेता फाँटी फ्लॉक हाफ पँट घालून जिंकला आणि बॉनेटवर चढून त्याने लोकांकडून ‘डिक्सी’ हे कॉन्फेडरेटांचं गाणं गाऊन घेतलं. गमतीचा प्रसंग म्हणून ही आठवण सांगितली जाते, पण स्टँडच्या बाहेर ज्यांना ठेवलं होतं त्यांना त्या गाण्यात काय ऐकू येत असेल?

वेंडेल स्कॉटबद्दल वाचा. व्हर्जिनियाचा कृष्णवर्णीय ड्रायव्हर, स्वतःच मेकॅनिक. १ डिसेंबर १९६३ला जॅक्सनव्हिलला त्याने शर्यत जिंकली आणि विजेत्याचा झेंडा दाखवला बक बेकर या गोऱ्या ड्रायव्हरला. काही तासांनी, गर्दी पांगल्यावर, मान्य केलं की स्कॉटच पहिला होता. खरी ट्रॉफी त्याच्या कुटुंबाला २०२१मध्ये मिळाली. तो १९९०मध्येच गेला होता. नॅस्कारने कॉन्फेडरेट झेंड्यावर बंदी आणली ती जून २०२०मध्ये. आता आम्ही मुलांना घेऊन जातो तेव्हा खूप बरं वातावरण असतं. पण इतिहास सांगायचा तर पूर्ण सांगायला हवा.

मुकुंद_टी

मनापासून धन्यवाद. स्कॉटबद्दल अजिबात माहीत नव्हतं.

जुना_पंखा

या धाग्यात रेड बायरनचं नाव अजून आलं नाही म्हणून लिहितो. तो त्या दिवशी तिसरा आला, कॅडिलॅकमध्ये. १९४९चा नॅस्कारचा विजेता. दुसऱ्या महायुद्धात बॉम्बर विमानात असताना त्याचा डावा पाय निकामी झाला होता. पायाला धातूचा आधार बांधून तो गाडी चालवायचा. डार्लिंग्टनला त्याचे २४ टायर फुटले असं सांगतात. टायर संपत आले तेव्हा काही संघांनी रिंगणाच्या आत उभ्या असलेल्या प्रेक्षकांच्या गाड्यांचे टायर काढून नेले, हीसुद्धा त्या दिवसाची आठवण म्हणून सांगितली जाते.

मला हा तिसरा क्रमांक मँट्झच्या पहिल्यापेक्षा कमी मोलाचा वाटत नाही. दर थोड्या वेळाने स्फोट, गाडी सांभाळा, पिटमध्ये (टायर बदलायच्या जागी) या, जॅक लावा, नट हाताने फिरवा, पुन्हा निघा. आणि एक पाय जायबंदी. धागाकर्त्याने श्रेयाच्या यादीत बायरनसाठीही जागा ठेवावी.

सातारी_गिअर

ठेवली. आणि यादीत हर्शेल मॅकग्रिफलाही घ्या. ओरेगनचा तरुण. मे १९५०मध्ये मेक्सिकोतली पहिली ‘कारेरा पानअमेरिकाना’ ओल्ड्समोबिलमध्ये जिंकला, तिथे बिल फ्रान्सशी ओळख झाली, आणि त्यांच्या सांगण्यावरून डार्लिंग्टनला येऊन नववा आला. हा माणूस २०१८मध्ये, नव्वदाव्या वर्षी, नॅस्कारच्या वेस्ट मालिकेतल्या शर्यतीत उतरला होता.

चिकूची_आई

नव्वदाव्या वर्षी! आमचे आजोबा रिक्षातही पुढे बसायला घाबरतात.

आडवाटेचा

अजून एक माणूस त्या दिवशी तिथे होता असं सांगतात. टिमन्सव्हिल या शेजारच्या गावातला ११ वर्षांचा मुलगा, कुंपणाखालून शिरलेला. केल यारबरो. पुढे त्याने हीच सदर्न ५०० पाच वेळा जिंकली: १९६८, ७३, ७४, ७८ आणि ८२. डेटोनाला १९७९मध्ये शेवटच्या फेरीत डॉनी ॲलिसनशी धडक होऊन दोघं गवतात उतरले, डॉनीचा भाऊ बॉबी मदतीला थांबला आणि हाणामारी झाली, तो हाच केल. त्या भानगडीत मागून आलेला रिचर्ड पेटी जिंकला. पूर्वेकडे बर्फाचं वादळ होतं, माणसं घरात अडकलेली, आणि सीबीएस पहिल्यांदाच ५०० मैलांची अख्खी शर्यत थेट दाखवत होतं. नॅस्कार देशभर पोचली ती त्या दिवशी. केल ३१ डिसेंबर २०२३ला गेला.

टेस्टमॅचप्रेमी

मी मात्र विरोधी पक्षात बसतो. खेळ बघणाऱ्याचं काय? मँट्झ नऊ फेरे पुढे, बाकीचे पंक्चर काढतायत, आणि हे साडेसहा तास. यात चुरस कुठे आहे? ‘टिकला तो जिंकला’ ही सहनशक्तीची परीक्षा झाली. शर्यत म्हणजे दोघांनी एकमेकांना गाठणं. १९५९ची पहिली डेटोना ५०० बघा: ली पेटी आणि जॉनी बोशँप रेषेवर एकत्र, फोटो आणि चित्रफिती तपासून निकाल लागायला तीन दिवस गेले. ती शर्यत!

जुना_पंखा

नाव टेस्टमॅचप्रेमी आणि तक्रार साडेसहा तासांची? तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती हो!

रबरगोळा

टेस्टमॅचप्रेमी, चुरस नेहमी दोन गाड्यांमधल्या अंतरात दिसत नाही. १९६५ची सदर्न ५०० घ्या. नेड जॅरेट १४ फेऱ्यांनी जिंकला. कागदावर याहून निरस निकाल नाही. पण शेवटच्या टप्प्यात त्याची फोर्ड तापत होती. पुढे असलेल्या फ्रेड लॉरेन्झन आणि डॅरेल डिरिंगर यांच्या गाड्या बिघडल्या आणि हा एकटा उरला. इंजिन जपत, काट्याकडे बघत त्याने उरलेले फेरे काढले. आता थांबते की मग थांबते, अशी शर्यत होती ती. मागे कुणी असो-नसो, त्याच्या पोटात गोळा होताच. त्याच शर्यतीत ब्युरेन स्कीन या ड्रायव्हरला झालेल्या अपघाताने पुढे त्याचा मृत्यू झाला, हेही लिहून ठेवतो. १९५०ला दुसऱ्या आलेल्या फायरबॉल रॉबर्ट्सचं नाव वर आलंय. तो मे १९६४मध्ये शार्लटला आगीत सापडला आणि जुलैत गेला. त्याच्यानंतर आग न लागणारे पोशाख आणि रबरी पिशवीच्या इंधन टाक्या आल्या. या लांब शर्यतींनी गाड्यांबद्दल जे शिकवलं त्याची किंमत अशी मोजलेली आहे.

टायरचंही तेच. फुटलेल्या टायरच्या आत दुसरा टायर असावा, म्हणजे गाडी भिंतीवर जाणार नाही, ही सुरक्षा अस्तराची कल्पना साठच्या दशकात या रिंगणांवर रुजली. रेडियल टायर नॅस्कारमध्ये आले १९८९ला, तेव्हा तुमच्या-माझ्या गाड्यांत ते कधीच आले होते.

कोकणी_वळण

कुणी भारतीय या नॅस्कारमध्ये धावलाय का?

सातारी_गिअर

हो, आपला नारायण कार्तिकेयन. फॉर्म्युला वननंतर २०१०मध्ये नॅस्कारच्या ट्रक मालिकेत उतरला. मार्टिन्सव्हिलला पहिल्याच शर्यतीत तेरावा आला आणि त्या मोसमात चाहत्यांच्या मतांनी त्या मालिकेतला सर्वांत लोकप्रिय ड्रायव्हर ठरला. भारतीयांनी धो-धो मतं दिली होती!

कोकणी_वळण

वा! आणि मूळ धाग्यावर: पुढच्या वर्षी सगळ्यांनी ट्रकचे टायर लावले असतील ना? मग परत मोठ्या इंजिनांचं राज्य आलं असेल. तसं असेल तर मँट्झची युक्ती एकदाच चालणारी होती असं म्हणावं लागेल.

सातारी_गिअर

कोकणी_वळण, या प्रश्नाची मी वाट बघत होतो.

१९५१च्या सदर्न ५००ला तब्बल ८२ गाड्या सुटल्या. आता टायरचं गुपित सगळ्यांना माहीत होतं. जिंकला हर्ब थॉमस, हडसन हॉर्नेटमध्ये. हॉर्नेटचं इंजिनही सहा सिलिंडरचंच, साइड व्हॉल्व्हचं, फक्त थोराड. पण गाडी बुटकी, बसायची जागा चौकटीच्या आत खाली उतरवलेली, त्यामुळे वळणात स्थिर. स्थिर गाडी म्हणजे टायरवर कमी छळ. व्ही-८वाल्यांचं राज्य दुसऱ्या वर्षीही आलं नाही.

आणि वेग? सरासरी ताशी ७६.९ मैल. वर्षभर अभ्यास करून, मँट्झची प्लायमाउथ डोळ्यासमोर असताना, दीडपट ताकदीच्या इंजिनाने आलेल्या विजेत्याचा वेग जेमतेम १.६५ मैलांनी वाढला. म्हणजे त्या डांबरावर, त्या काळच्या टायरवर ५०० मैल टिकायला जो वेग हवा होता, त्याच्या अगदी जवळ मँट्झ पहिल्याच दिवशी, कुठलाही नमुना समोर नसताना पोचला होता. टायर विकत घेता येतो. हा वेग त्याने स्वतः शोधला.

रबरगोळा

यात एक भर. ९७ अश्वशक्तीच्या गाडीत तो वेग राखायचा तर पेडल बऱ्यापैकी दाबलेलंच ठेवावं लागतं. म्हणजे मँट्झ आरामात फिरत होता हा समज काढून टाका. इंजिन जवळपास पूर्ण कामाला, टायर मर्यादेत, आणि साडेसहा तास हे दोन्ही एकमेकांना सोडणार नाहीत असं ठेवायचं.

टेस्टमॅचप्रेमी

१९५१चे आकडे वाचून मी विरोधी पक्षातून अर्धा उठलो. श्रेय मँट्झचं, मान्य. चुरशीबद्दलचं मत कायम.

पेशवेपार्क

मँट्झचं श्रेय मलाही मान्य, आता पूर्ण मान्य. पण बिल फ्रान्स यांचा मुद्दा मी सोडणार नाही. ज्याच्या हातात नियमपुस्तक त्याने गाडी उतरवू नये. १९४९ला डनअवेला स्प्रिंगांसाठी बाद करणारी संघटना तितकीच कडक १९५०ला स्वतःच्या वर्तुळातल्या गाडीशी होती का, हे मला हवं आहे. कुणाकडे त्या वेळच्या कॅरोलिनातल्या वर्तमानपत्रांची कात्रणं असतील तर इथे मजकूर उतरवून काढा. शार्लटची_सून, तुमच्याकडच्या ग्रंथालयात बघाल का?

शार्लटची_सून

बघते. इथल्या सार्वजनिक ग्रंथालयात जुनी वर्तमानपत्रं फिल्मवर असतात. सप्टेंबर १९५०चा पहिला आठवडा मागवते आणि तपासणीबद्दल जे छापलं असेल ते शब्दशः इथे लिहिते.